मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर असतो, याला व्यसन म्हणायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा बारावीला आहे, क्लास बुडवायला लागलाय आणि त्याचे बाबा वायफाय काढून टाकायचं म्हणतात. मी ऐरोलीला कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे. हाच प्रश्न घेऊन बरेच पालक येतात.

कृपा करून त्याला व्यसनी म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, रील्सचा किंवा चॅटिंगचा वेगळा नाही. गेमिंगचं निदानही साधारण 12 महिन्यांचं वागणं बघून करतात. नुसते तास मोजून काही कळत नाही. झोप, जेवण, मित्र यातलं काय सुटलं? थांबायचं ठरवूनही त्याला थांबता येत नाही का? ते बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला मोबाईलवर काय मिळतंय? अमेरिकेतले संशोधक स्कॉट कॅप्लन यांनी इंटरनेटच्या अतिवापरावर बरंच संशोधन केलंय. समोरासमोर बोलण्यापेक्षा ऑनलाइन बोलणं ज्यांना सुरक्षित वाटतं, उदास वाटलं की जे नेटवर जातात, त्यांचा वापर हाताबाहेर जाण्याची शक्यता जास्त असते, असं ते मांडतात. मला हे रोज दिसतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात पहिला येणारा मुलगा अकरावी सायन्सला इंग्रजीत गप्प होतो. घर वन आरके, आईबाबा लोकलने आठ-नऊला पोचणार, मग जेवण, आवराआवर. सगळे झोपले की पांघरुणाखालची ती दोन-तीन तासांची वेळच काय ती त्याची स्वतःची. ती हिसकावून घेतली तर तो कुठे जाणार?

वायफाय काढलंत तरी मोबाईल डेटा आहेच, वर घरात रोज भांडण. त्यापेक्षा अकरानंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, तुमचे दोघांचेही. आणि एखाद्या संध्याकाळी त्याला ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारायला घेऊन जा. अभ्यासाचा विषय काढू नका. क्लासमध्ये कोणाशेजारी बसतोस, एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या.

पैशांचे गेम खेळत असेल, खोलीबाहेर येणं बंद झालं असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर मात्र थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. नाव ऐकून कचरू नका, तिथे नुसतं दाखवायलाही जाता येतं.