मॅग्नेशिअमची फीत जाळून मॅग्नेशिअम ऑक्साइड बनवायच्या प्रयोगात मॅग्नेशिअम आणि ऑक्सिजनच्या मोलचं (म्हणजे अणूंच्या संख्येचं) गुणोत्तर १.२५ : १ आलं, तर फॉर्म्युला ५:४ लिहायचा का?

५:४ लिहू नका. पण सर म्हणाले ‘उत्तर १:१ आहे, तेच लिहा’ म्हणून मुकाट्याने तेही लिहू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग मी बऱ्याच मुलांकडून करून घेतलाय, आणि १.२५ च्या आसपासचं उत्तर अगदी नेहमीचं आहे. ते का येतं, हे तुमच्याच आकड्यांतून काढता येतं.

तुमची वजनं अशी: झाकणासकट रिकामं क्रूसिबल (तापवायची चिनी मातीची वाटी) २८.४६ ग्रॅम, मॅग्नेशिअमची फीत घातल्यावर २८.८२, जाळून गार केल्यावर २९.०१. म्हणजे मॅग्नेशिअम ०.३६ ग्रॅम, ऑक्सिजन ०.१९ ग्रॅम. अणुवस्तुमानांनी, म्हणजे २४.३ आणि १६ ने भागलं की गुणोत्तर १.२५ येतं. गणितात काही चूक नाही.

आता तराजूकडे बघा. तो ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे प्रत्येक वजन ०.०१ ने इकडेतिकडे असू शकतं. २९ ग्रॅमच्या मानाने हे काहीच नाही. पण ऑक्सिजन तुम्ही थेट मोजलेला नाही, तो दोन मोठ्या वजनांची वजाबाकी करून मिळालाय. त्या ०.१९ मध्ये दोन्ही वजनांची चूक येऊन बसते, आणि वाईटात वाईट धरलं तर ती ०.०२ होते, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. पहिलं आणि तिसरं वजन ०.०१ ने वाढवून आणि मधलं ०.०१ ने कमी करून गणित पुन्हा करा: गुणोत्तर १.०७ येतं. नेमकं उलट करा: १.४७. या पट्ट्यात ६:५ बसतं, ५:४ बसतं, ४:३ बसतं, ७:५ सुद्धा बसतं. मग त्यातलं ५:४ च का निवडायचं?

‘१.५ आलं तर २ ने गुणा, १.३३ आलं तर ३ ने, १.२५ आलं तर ४ ने’ हा नियम पाठ्यपुस्तकातल्या गणितांसाठी ठीक आहे, कारण तिथले आकडे आधीच स्वच्छ करून दिलेले असतात. प्रयोगात गुणण्याआधी विचारायचं, की माझं मोजमाप १.२५ आणि १.३३ यांतला फरक ओळखण्याइतकं बारीक आहे का? तुमचं नाही. १ आणि १.५ मधला फरक मात्र नीट केलेल्या प्रयोगात शाळेच्या तराजूवरही कळतो, म्हणून ॲल्युमिनिअम ऑक्साइडसारख्या २:३ च्या संयुगाला १:१ समजण्याची भीती कमी. (अपूर्णांक आला म्हणजे नेहमी चूकच झाली, असंही नाही. लोहाचा एक ऑक्साइड असा आहे, की त्यात ऑक्सिजनच्या १ अणूमागे लोहाचे साधारण ०.९५ च अणू असतात. मॅग्नेशिअम ऑक्साइड त्या जातीचा नाही.)

मला जास्त रस आहे तो पुढच्या गोष्टीत. तराजूला कितीही दोष दिला तरी तुमचं गुणोत्तर १.०७ च्या खाली येत नाही. म्हणजे उरलेला घोळ क्रूसिबलच्या आत झालाय. ०.३६ ग्रॅम मॅग्नेशिअमचं वजन जळल्यावर साधारण ०.२४ ने वाढायला हवं होतं, तुमचं ०.१९ नेच वाढलं.

कुठे गेलं बाकीचं? झाकण उचलताना जो पांढरा धूर दिसला, तो मॅग्नेशिअम ऑक्साइडच होता. तो उडून गेला. फीत पॉलिश पेपरने घासली नसेल तर तिच्यावर आधीच ऑक्साइडचा थर होता, आणि तो तुम्ही मॅग्नेशिअम म्हणून मोजलात. फितीचं वेटोळं घट्ट असेल तर आतला भाग जळायचा राहतो. क्रूसिबल आधी तापवून कोरडं केलं नसेल तर त्यातला ओलावा जाळताना गेला आणि वाढ तेवढी कमी दिसली. तळाला काळे डाग पडले असतील, तर तापलेल्या मॅग्नेशिअमने चिनी मातीतल्या सिलिकाचाच ऑक्सिजन ओढून घेतलाय. तो ऑक्सिजन क्रूसिबलमध्ये आधीपासूनच होता, त्यामुळे वजनात दिसणार नाही.

आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण नायट्रोजन. हवेत तो ७८ टक्के आहे, आणि झाकण बंद असताना ऑक्सिजन कमी पडला की मॅग्नेशिअम त्याच्याशी संयोग पावून नायट्राइड बनवतं. सगळ्याचं नायट्राइड झालं असतं तर वाढ ०.१४ ग्रॅमच दिसली असती, आणि ती ऑक्सिजन समजून गणित केलं तर गुणोत्तर थेट १.७१. म्हणजे थोडंसं नायट्राइडही उत्तर बिघडवायला पुरतं. यावर उपाय सोपा आहे, पण वेळ नाही म्हणून वर्गात बहुधा गाळला जातो. क्रूसिबल पूर्ण गार झाल्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचे काही थेंब टाकायचे. ओला लाल लिटमस वर धरला आणि निळा झाला, तर अमोनिया सुटतोय, म्हणजे नायट्राइड होतं. मग आधी मंद, नंतर जोरात तापवायचं. पाण्यामुळे झालेला हायड्रॉक्साइड मोडून ऑक्साइड उरतो. गरम क्रूसिबलमध्ये पाणी कधीही टाकू नका, ते तडकतं. आत मॅग्नेशिअम अजून धगधगत असेल तर ते पाण्यातून हायड्रोजन सोडवतं, आणि ते जास्त धोक्याचं.

शेवटी तापवा, गार करा, वजन करा, पुन्हा तापवा. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. गुणोत्तर १ च्या खाली गेलं तर पहिला संशय न मोडलेल्या हायड्रॉक्साइडवर घ्या.

वर दिलेली कारणं पुन्हा वाचा: हायड्रॉक्साइड सोडला तर सगळी एकाच दिशेला ओढतात, मॅग्नेशिअम जास्त दाखवण्याच्या. म्हणून अख्ख्या वर्गाची सरासरी काढून १ मिळेल अशी आशा नको. वीस जणांनी धूर उडवला, तर सरासरीतही धूर उडालेलाच असतो.

जर्नलमध्ये मोजलेलं १.२५ तसंच ठेवा, वजनं खोडू नका. त्याखाली तराजूचा १.०७ ते १.४७ हा पट्टा द्या, वाढ ०.०५ ने कमी पडल्याची नोंद करा आणि तुमच्या प्रयोगात खरंच दिसलेली कारणं लिहा. मग म्हणा की क्रूसिबलमधल्या या सर्व चुका मॅग्नेशिअम जास्त दाखवणाऱ्या आहेत, दोन्ही मूलद्रव्यांची संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडण्याची क्षमता) २ आहे, म्हणून एम्पिरिकल फॉर्म्युला (अणूंचं सगळ्यात साधं गुणोत्तर) १:१ स्वीकारला. उत्तर सरांचंच आलं, पण आता त्यामागे तुमची कारणं आहेत.

पुन्हा करायला मिळालं तर फीत दुप्पट घ्या. तराजूची चूक तेवढीच राहते, ऑक्सिजन दुप्पट होतो. आणि वर्गातल्या सगळ्यांचे आकडे मिळाले तर सरासरीऐवजी आलेख काढा: आडव्या अक्षावर मॅग्नेशिअमचं वस्तुमान, उभ्यावर ऑक्सिजनचं. ०,० मधून ०.६६ चढाची रेघ ओढा. ज्यांचा धूर उडाला किंवा फीत अर्धवट जळली ते बिंदू रेघेच्या खाली पडतील, ज्यांचं पाणी पुरतं गेलं नाही ते वर.