नागपुरातल्या अपघातांच्या जागा शोधायला के-मीन्स घ्यावा की डीबीस्कॅन?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नागपूर शहरातल्या अपघातांचे तीनेक हजार अक्षांश-रेखांश तुमच्याकडे आहेत आणि त्यातून धोक्याच्या जागा काढायच्या आहेत. बिंदूंचे गट पाडणाऱ्या दोन पद्धती (अल्गोरिदम) तुम्ही वापरून बघितल्या: के-मीन्सने शहराचे दहा तुकडे केले, डीबीस्कॅनने सगळं नागपूर एकाच क्लस्टरमध्ये, म्हणजे गटात, कोंबलं, म्हणून आता तिसरा अल्गोरिदम विचारताय. तिसरा आहे, पण तुमचं काम बहुधा दुसऱ्यातच होईल.

के-मीन्स आधी बाजूला ठेवा. तो वाटणी करतो, शोध घेत नाही. दहा सांगितले की दहा गट पाडणार आणि प्रत्येक बिंदूला कुठल्यातरी गटात बसवणारच, हिंगणा रोडवरच्या एकट्यादुकट्या अपघातालाही. केंद्र सरासरीने निघतं. ते अंबाझरी तलावाच्या मधोमध पडलं तरी त्याला सोयरसुतक नाही. सिल्हूट स्कोअर (गट किती नीट वेगळे पडले त्याचा गुण) कितीही गोंडस आला तरी त्यातून चौक सापडणार नाही. दहा रुग्णवाहिका कुठे उभ्या कराव्यात, असा प्रश्न असता तर के-मीन्स चालला असता, आणि के-मेडॉइड्स त्याहून बरा, कारण त्याचं केंद्र तुमच्याच बिंदूंपैकी एक असतं.

डीबीस्कॅन १९९६ चा आहे, एस्टर, क्रीगल, सँडर आणि शू या चौघांचा. ठरावीक अंतराच्या (त्याचं नाव एप्सिलॉन) आत किमान अमुक शेजारी असले तर ती जागा दाट, दाट जागा एकमेकींना लागून असल्या की क्लस्टर, उरलेलं नॉइज, म्हणजे कुठल्याच गटात न बसणारं. क्लस्टर किती हवेत ते तुम्ही सांगायचं नाही. धोक्याच्या जागा शोधायला नेमकं हेच हवं.

मग सगळं शहर एक का झालं? सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत एप्सिलॉनची न सांगता धरलेली किंमत ०.५ आहे. तुमचे आकडे अंशांत असतील तर ०.५ अंश म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर! कामठी, बुटीबोरी, हिंगणा, सगळे एकमेकांचे शेजारी. शिवाय आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश साधारण ११०.७ किमी भरतो आणि रेखांशाचा १०३.८, म्हणजे अंशातलं वर्तुळ जमिनीवर वर्तुळच राहत नाही. म्हणून आधी मीटरमध्ये या: यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीचा झोन ४४ उत्तर, त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४४. पुण्या-मुंबईच्या कुणाचा कोड उचलला असेल तर त्यात ३२६४३ असेल, तो बदला. ७८ रेखांशाच्या पूर्वेला झोन ४४ लागतो.

हॅवरसाइन (पृथ्वीच्या गोलावरून अंतर काढायचं सूत्र) वापरायचं असेल तर रेडियन लागतात आणि क्रम आधी अक्षांश, मग रेखांश. जिओजेसन या नकाशाच्या फाइलींत तो उलटा असतो. ही अदलाबदल झाली तर नागपूर थेट स्वालबार्डला, उत्तर ध्रुवाच्या शेजारी जाऊन बसतं, आणि गंमत म्हणजे एररही येत नाही. फक्त दक्षिणोत्तर अंतरं पाचव्या हिश्शाइतकी आक्रसतात आणि क्लस्टर त्या दिशेने ताणले जातात.

खरी मेहनत डेटात आहे. अंश-मिनिट-सेकंद कुणीतरी सरळ दशांश म्हणून टाइप केलेले असतात. २१°०८'४५" म्हणजे २१.१४५८, ते २१.०८४५ असं भरलं की बर्डीजवळचा (सीताबर्डी) अपघात पावणेसात किलोमीटर दक्षिणेला सरकतो. रेखांशाचंही तसंच झालं तर तो विमानतळाच्या आसपास पडतो, आणि नकाशावर तेही अगदी पटण्यासारखं दिसतं. ओळखायची खूण अशी: दशांशानंतरचे पहिले दोन आणि पुढचे दोन अंक कधीच ५९ च्या वर जात नसतील तर ती मिनिटं-सेकंदंच आहेत.

दुसरं म्हणजे ढीग. नोंदीत नुसतं 'वर्धा रोड' लिहिलेलं असेल तर पत्त्यावरून जागा शोधणारी सेवा असे सगळे अपघात एकाच बिंदूवर ठेवते आणि डीबीस्कॅन त्यालाच पहिलं क्लस्टर म्हणून पुढे करतो. त्यामुळे हुबेहूब सारख्या जोड्या मोजा. एकाच जोडीवर तीस-चाळीस नोंदी दिसल्या तर त्या चौकातल्या नव्हेत, पत्त्यातल्या आहेत, हे धरून चला. दशांशानंतर दोनच अंक असतील तर अचूकता किलोमीटरभराची. तिथे १०० मीटरच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

एप्सिलॉन किती? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ब्लॅक स्पॉटची व्याख्या आहे: राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा पट्टा, जिथे ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले. ती वाचून एप्सिलॉन ५०० ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. एप्सिलॉन ही क्लस्टरची लांबी नाही, एका शेजाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची उडी आहे. ५०० ची उडी दिली तर वर्धा रोडवर एका चौकातून पुढच्या चौकात सहज पोचता येतं आणि बर्डीपासून विमानतळापर्यंत एकच शेपूट तयार होते. मी १०० ते १५० वरून सुरुवात करीन, किमान बिंदू ५ (सायकिट-लर्न त्यात तो बिंदू स्वतःही धरतं), आणि सगळ्यात लांब क्लस्टर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजून बघेन. अर्ध्या किलोमीटरच्या फार पुढे जात असेल तर उडी कमी. के-डिस्टन्स आलेखात (प्रत्येक बिंदूचं त्याच्या के-व्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर, चढत्या क्रमाने) कोपर, म्हणजे रेघ एकदम वळते ती जागा, शोधा असं सगळे सांगतात; पण दाटी जागोजागी वेगळी असली की तो कोपर बऱ्याचदा दिसतच नाही.

याच कारणासाठी तिसरा अल्गोरिदम आहे: २०१३ चा एचडीबीस्कॅन. इतवारी-महालच्या गल्ल्या आणि आउटर रिंग रोड यांना एकच एप्सिलॉन पुरणार नसेल तर तो घ्या, सायकिट-लर्नच्या १.३ पासून आयताच मिळतो. दाट भागात तो एका चौकाचे चार तुकडे करतो, तेव्हा त्यातल्या क्लस्टर सिलेक्शन एप्सिलॉन या सेटिंगला (याहून जवळचे गट तो फोडत नाही) ५० ते १०० मीटरची किंमत द्या.

रेल्वे रुळांच्या दोन बाजूंचे बिंदू एकत्र येत असतील तर रस्त्यावरून अंतर मोजून प्रत्येक जोडीच्या अंतरांचा तयार तक्ता (मॅट्रिक्स) द्या. तीन हजार बिंदूंचे ९० लाख आकडे होतात, साधा लॅपटॉप झेलतो.

वर्धा रोडच्या ३.१४ किमीच्या डबल डेकर पुलावर मात्र यातलं काहीच चालत नाही. वरच्या उड्डाणपुलावरचा अपघात आणि खालच्या रस्त्यावरचा अपघात, दोन्हींचे अक्षांश-रेखांश तेच. तिथल्या नोंदींचा मजकूर वाचून 'पुलावर' की 'पुलाखाली' असा रकाना हाताने भरा आणि दोन्ही संच वेगळे चालवा.