तबला सोडू नकोस

गाणं, तबला, उर्दू शायरी, नाटक... 'यातलं नेमकं काय धरू?' असं विचारलंस. माझं ऐक, यातलं काहीच सोडू नकोस. गायक-नट वसंतराव देशपांडे लाहोरला असद अली खाँकडे शिकले, भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँची तालीम घेतली, तबल्यावरही हात चालायचा; आणि पोटासाठी नोकरी लष्कराच्या हिशेब खात्यात. एका घराण्याचा शिक्का नाही म्हणून नाकं मुरडणारेही होतेच. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक आलं आणि त्यातल्या गवई खाँसाहेबांच्या भूमिकेत हे सगळं कामी आलं. पंजाबी ढंगाची तान, लयीवरची हुकमत, तो रुबाब. आधी एकाच वाटेने गेले असते, तर तो खाँसाहेब तसा उभा राहिला नसता, असं मी ठामपणे म्हणेन.

आता तुझ्या तालमीबद्दल. पदं लगेच गळ्यावर चढवू नकोस. आधी नुसतं गद्य वाच. याच नाटकात 'घेई छंद मकरंद' दोन वेगळ्या चालींत येतं. शब्द तेच, गाणारा माणूस वेगळा. दोन्ही लागोपाठ म्हणून बघ, भूमिका कशी गायची ते तिथे कळेल. पदाआधीचं शेवटचं वाक्य षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, जवळ आणून सोड, म्हणजे सूर शोधावा लागत नाही. श्वास मात्र त्या वाक्याच्या आधीच भरून घे. तबलजीशी समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, खूण ठरवून ठेव, नुसत्या नजरेची. तान प्रसंगाला पुरेल एवढीच घ्यायची, टाळ्या येत असल्या तरी. आणि उर्दूचा नुक्ता, म्हणजे क़, ख़, ज़ यांचे उच्चार, रोज घोटत जा.