डबे वाढवू नका, रविवारची संध्याकाळ सांभाळा

प्रश्न: नागपूरपासून तासाभरावर एका तलावाकाठी आमच्या चार खोल्या आणि थोडे आवार आहे. शनिवार-रविवार पिकनिकवाले येतात आणि सोमवारी काठाचा उकिरडा झालेला असतो. किती डस्टबिन लावावे आणि कोणत्या मापाचे?

उत्तर: काठावर एकही नाही. गाड्या बाहेर पडतात त्या तोंडाशी तीन, बस. “जागोजागी डबे ठेवा, लोक आपोआप टाकतील” म्हणणाऱ्यांशी माझे भांडण जुने आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

जागोजागी डबे एका काठावर लावून झाले आहेत. अंदाजे 300 मीटर काठ, दर 20-25 मीटरला एक, असे 14 डबे. 60 लिटरचे, झाकणवाले, ओल्या-सुक्याचे हिरवे-निळे. कागदावर फार सुंदर. आता हिशेब बघा. पंधरा जणांचा एक ग्रुप जेवला की पंधरा थाळ्या, पंचवीस-तीस ग्लास, दहा-बारा बाटल्या आणि उरलेला भात. थाळी कोणी दुमडत नाही, ती डब्यात आडवी अडकते आणि खाली अर्धा डबा पोकळ राहतो. म्हणजे एका ग्रुपला एक डबा. रविवारी दोन वाजेपर्यंत चौदाच्या चौदा भरले. त्यानंतर येणारा माणूस प्रामाणिकपणे डब्याच्या शेजारी ठेवून जातो, कारण डबा म्हणजे “इथे टाका” ही पाटीच. गाडी उचलायला येणार सोमवारी अकराला. मधल्या रात्री कुत्री आणि डुकरे येतात, पहाटे वारा सुटतो. सोमवारी प्रत्येक डब्याभोवती दहा मीटरचे कचऱ्याचे वर्तुळ आणि प्लास्टिकच्या पन्न्या पाण्यात. डबे नसताना तोच कचरा निदान बसल्या जागी ढिगाने तरी पडलेला असायचा.

झाकणांचे वेगळेच. खरकट्याने माखलेले झाकण हाताने उचलायला कोणी तयार नाही, वरच ठेवतात. दुसऱ्या महिन्यात बिजागऱ्या गेल्या. जुलैत डब्यांत पाणी साचले, कारण बुडाला भोके नव्हती. 60 लिटर म्हणजे 60 किलो, त्यात कुजलेला भात, वर डासांच्या अळ्या. असा डबा एकटा माणूस उलटवूच शकत नाही. तीन डबे आसपासच्या घरी पाणी भरायला गेले, आणि खरे सांगायचे तर सगळ्यात चांगला उपयोग त्यांचाच झाला.

म्हणून संख्या सोडा, वेळ धरा. कचरा सोमवारी सकाळी नाही, रविवारी अंधार पडायच्या आत उचलला गेला पाहिजे. साडेपाच ते सात, दोन माणसे. वाऱ्याच्या वरच्या अंगाने सुरुवात करा, म्हणजे उडालेले पुढेच सापडते. आधी खरकटे, कारण कुत्री त्यावरच येतात. मग काच, उजेड असेपर्यंत. मग बाटल्या, आणि शेवटी बारीकसारीक. काचेला पॉलिथिनची पिशवी चालत नाही, फाटते आणि पिंडरीला लागते. सिमेंटची गोणी एकात एक घालून डबल करा, लांब चिमट्याने उचला, आणि गोणी अर्धीच भरा. फुटकी काच कबाडी घेत नाही, अख्खी बिअरची बाटली मात्र नगावर घेतो.

पाण्याच्या बाटल्यांचे बूच न काढता गोळा करू नका. बूच काढा, पायाखाली चपटी करा, बूच परत लावा. नाही तर ती पुन्हा फुगते आणि पोत्यात हवाच भरते. लिटरच्या साधारण 50 बाटल्यांचा किलो होतो, त्यामुळे दर आठवड्याला कबाडी येणार नाही. साठवायला छप्पर लागेल. चिप्सची चमकदार पाकिटे तो घेतच नाही, ती “बाकी” मध्ये, म्हणजे कबाडी घेत नाही आणि कुजतही नाही अशा उरलेल्या कचऱ्यात. आणि काडी लावून मोकळे व्हायचा मोह टाळा. उघड्यावर कचरा जाळणे नियमात बसत नाही, शिवाय वितळलेला गोळा तिथेच राहतो तो उचलता येत नाही.

आता तुमचे तीन डबे. 200 लिटरचे निळे ड्रम घ्या, ॲसिडचे नको, खाण्याच्या वस्तूंचे. बुडाला बोटभर जाडीची सात-आठ भोके. ड्रम जमिनीवर ठेवू नका, दोन लोखंडी पाइपांत लटकवा. ज्या खिळीवर ड्रम फिरतो ती मध्यापेक्षा थोडी वर असू द्या, म्हणजे आपोआप उलटणार नाही, आणि एका बाजूला कडी. आत खताचे रिकामे पोते उलटी घडी घालून बसवा, म्हणजे ड्रम नाही, पोते उचलायचे. तोंड थाळी जाईल इतके, फूटभर. झाकण नको, वर टिनाचे छोटे छप्पर पुरते. बाटल्यांसाठी ड्रमऐवजी जाळीचा पिंजरा केला तर अजून चांगले, आत बाटल्या दिसतात तेव्हा लोक बाटलीच टाकतात. हिरवा-निळा रंग कोणी बघत नाही. एकावर खरी बाटली, एकावर खरी पत्रावळ ठोकून लावा, तिसरा “बाकी”चा.

खरकट्यासाठी खड्डा, मीटर बाय मीटर, तलावाच्या पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते त्या रेघेच्या वर. फेब्रुवारीत पाणी लांब दिसते म्हणून खाली खणले तर ऑगस्टमध्ये तो खड्डा तलावात असतो. एक टोपले खरकट्यावर तीन टोपली वाळका पाला, आपल्याकडे सागाचा मुबलक. पाला कमी पडला की वास आणि माशा. मटणाची हाडे असतील तर वर जाळी, नाही तर रात्री सगळे उकरले जाते.

याच पातळीचा दुसरा धडा. सिंचनाच्या तलावाचे पाणी रब्बीपासून उतरत जाते, काठ सरकत जातो, आणि पिकनिकही पाण्यामागे सरकते. हिवाळ्यात जिथे रोडग्यांची (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) चूल पेटली ती जागा पावसाळ्यात पाण्याखाली. म्हणून मोठी सफाई जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाणी सर्वांत खाली असताना. ऑक्टोबरात फोटोसाठी केलेल्या सफाईत अर्धा कचरा पाण्याखाली असतो. राखही उचला, ती पाण्यात गेली की शेवाळ्याला खाद्य. भांडी तलावात घासू देऊ नका, साबणाने तेच होते, मग जलपर्णी. बाहेर टाकी आणि नळ द्या, नुसती मनाई चालत नाही.

खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. नागपूरचा माणूस आहे म्हटल्यावर हे आलेच. खर्ऱ्याची पन्नी तळहाताएवढी, पातळ, थुंकीने ओली, मातीला चिकटते. लोखंडी पंजाला येत नाही, झाडूने मातीत घुसते. वाळू चाळायची जाळी घ्या आणि फक्त पानठेल्याच्या आसपासची माती महिन्यातून एकदा चाळा, कारण बहुतेक पन्न्या ठेल्यापासून पंधरा पावलांत पडतात. ठेलेवाल्याशी वाद घालू नका, त्याला एक डबा द्या. विक्रेत्याने आपल्या कचऱ्याचा डबा ठेवायचा हे 2016 च्या घनकचरा नियमांतच होते, तुम्ही काही उपकार मागत नाही. परवाना नसलेल्या जागी शंभरच्या वर माणसांचा कार्यक्रम असेल तर स्थानिक संस्थेला कामाचे तीन दिवस आधी कळवून कचरा वेगळा ठेवायची जबाबदारी आयोजकाची, हेही त्यांतच होते. लग्नाचे बुकिंग घेताना हे लिहून घ्या.

गाडीमागे ठेव घ्या. आत येताना एक रिकामे पोते आणि 100 रुपये ठेव, पोत्यावर मार्करने गाडीचे शेवटचे चार आकडे. जाताना पोते परत, पैसे परत. रोख घ्या, ऑनलाइन परत करण्यात तोंडाशी रांग लागते. सुट्टे आदल्या दिवशीच आणून ठेवा. रिकामे पोते आणणारे येतील, “आम्ही काही खाल्लेच नाही” म्हणतील. भांडू नका, पैसे द्या. गंमत अशी की काही पोरे दुसऱ्यांचा कचरा उचलून पोते भरून आणतात. अशी ठेव हे काही हवेतले नाही, तामिळनाडूच्या निलगिरीत सरकारी दारू दुकानांनी 2022 पासून बाटलीमागे 10 रुपये ठेव सुरू केली.

आपला कचरा कमी आणि नाल्याचा जास्त, असेही असू शकते. पहिल्या दोन पावसांत नाला वरच्या गावाचे सगळे आणून सोडतो. तिथे मासेमारीचे जुने जाळे बांबूंवर लावता येते, पण नाल्याला काटकोनात नाही. तिरके लावा, म्हणजे तरंगणारे घसरत एका काठाला येते आणि तिथून ओढता येते. काटकोनातले जाळे एका रात्रीत भरते, फाटते आणि बांबूसकट तलावात जाते. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर जाळे काढून ठेवा. सांडव्याच्या, म्हणजे तलावाचे जास्तीचे पाणी बाहेर पडते त्या वाटेच्या, तोंडाशी मात्र काहीच बांधू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते नागपुरात कोणाला सांगायला नको.

आता राहिलेल्या अटी, ज्या खरे तर वर लिहायला हव्या होत्या. ठेव फक्त तुमच्या आवारात आणि एकच फाटक असेल तरच चालते. काठ जलसंपदा खात्याचा किंवा ग्रामपंचायतीचा असेल तर लेखी परवानगीशिवाय पैसेही घेऊ नका, खड्डाही खणू नका. आणि रविवारी संध्याकाळी “बाकी”ची पोती न्यायला गाडी मिळत नसेल तर रात्री ती कुलूपबंद खोलीत ठेवा. तेवढी खोली नसेल तर डबे लावूच नका, आधी खोली बांधा. डबे आधीच विकत घेतले असतील तर बुडाला भोके पाडून तीन बाहेर पडायच्या तोंडाशी न्या. उरलेल्यांत गोवऱ्या ठेवा, रोडगे लावणारे विकत घेतील.