धोरण आणि मूल्यमापन शिकायला ओटावाला यायचंय?

देवरुखला संस्थेत बचत गटांचं काम करतेस, आता कॅनडात सार्वजनिक धोरण आणि योजनांचं मूल्यमापन एकत्र शिकायचंय. कोर्स कुठला घेऊ आणि पुढे नोकरी लागेल का, असं विचारलंस. मी गुहागरची, ओटावात योजनांच्या मूल्यमापनाचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथल्या कार्लटन विद्यापीठात नेमका याच नावाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. नाव वाचून हुरळशील, पण तिकडून येणाऱ्याने मास्टर्सच घ्यावं आणि हे विषय त्यात बसवावेत. मास्टर्स दोन वर्षांपेक्षा छोटं असलं तरी नंतर ३ वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. छोट्या डिप्लोमाला ते कोर्सच्या मुदतीपुरतंच. शिवाय २०२६ पासून सरकारी विद्यापीठातल्या मास्टर्सला प्रांताचं अटेस्टेशन लेटर (स्टडी परमिटच्या अर्जाला जोडायचं प्रांत सरकारचं पत्र) लागत नाही.

आता अभ्यास. सगळा गाभा एका प्रश्नात आहे: योजना नसती तर काय झालं असतं? आपल्याकडचंच घे. १९९० साली रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात कातळाकातळावर काजू-आंबा चढला. फाइलमध्ये हे सगळं योजनेचं यश. पण वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची काजूची कलमंही तेव्हा हाताशी होती, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी येतच होत्या. मग यातलं योजनेचं किती? बागायतदाराला विचारलंस तर तो ‘योजनेमुळेच’ म्हणणार, पुढचं अनुदान हवंय ना त्याला! बरं, योजना न पोचलेली गावं तुलनेला घ्यावीत, तर जिथला सरपंच खटपट्या तिथेच ती आधी पोचलेली. आधी-नंतरचा फरक आणि इथला-तिथला फरक एकत्र धरून यातून वाट काढायला शिकवतात. योजना आधी कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवून दोन गट पाडता आले तर उत्तमच. त्या पद्धतीला गरिबीच्या अभ्यासात रुळवणाऱ्या बॅनर्जी, दुफ्लो, क्रेमर या अर्थतज्ज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. पण प्रत्यक्षात सरकारी खातं तुला बोलावतं ते योजना संपत आल्यावर, चिठ्ठ्यांची वेळ कधीच गेलेली असते.

तुझ्या बचत गटांचंही तेच गो. गटात येणारी बाई मुळातच जरा धीट असते; मग धिटाई गटाने दिली की ती घेऊनच आली? एसओपीत (प्रवेशअर्जासोबतच्या ‘मला हे का शिकायचंय’ या निबंधात) हे लिही. ‘समाजासाठी काहीतरी करायचंय’ सगळेच लिहितात. आणि स्टॅटिस्टिक्स आत्ताच उकरून काढ, पहिल्या सेमिस्टरला ते शिकायला कोणी थांबत नाही.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. कॅनडा सरकारच्या २०१६ च्या ‘पॉलिसी ऑन रिझल्ट्स’ या धोरणामुळे मोठ्या केंद्रीय खात्यांना मूल्यमापनाचा विभाग ठेवावाच लागतो, म्हणून ओटावात हे काम आहे. पण भरतीत नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट (पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळालेले) यांना प्राधान्य. त्यातच २०२५ च्या बजेटात केंद्राची नोकरसंख्या ३ लाख ६८ हजारांवरून २०२८-२९ पर्यंत ३ लाख ३० हजारांवर आणायचं ठरलंय. सुरुवातीला सल्लागार कंपन्या, प्रांतिक संस्था, स्वयंसेवी संस्था यांच्याकडेच बघ. फ्रेंच आजपासून सुरू कर, सरकारी पदांना आणि पीआरला दोन्हीकडे उपयोग होतो. थंडीचं फार मनावर घेऊ नकोस, जॅकेट इथेच घे.

पैसे: फी आणि प्रवास सोडून एकटीच्या राहण्याखाण्याचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा बदलत असतो, अर्जाच्या वेळी पुन्हा बघ. त्यासाठी घरची बाग गहाण पडणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: येऊ नकोस, आधी तिथेच एखाद्या संशोधन प्रकल्पात सर्व्हेचं काम कर आणि स्कॉलरशिप मिळाली तर ये.

ट्रान्सक्रिप्टचा (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाचा) अर्ज गणपतीच्या आधी टाकून मोकळी हो. आणि शिफारसपत्र जिल्हा परिषदेतल्या मोठ्या साहेबांचं नको. तुझे फॉर्म तपासून चुका काढणारं जे कोणी असेल, त्यांच्याकडून घे.