काजवे पाहायला भंडारदऱ्याला गेल्यावर रात्री तंबूत झोपावे की गाडीत?

मेअखेरीस चौघे लहान गाडीने जाणार असाल, तर झोपण्यासाठी तंबूच घ्यावा. गाडी मात्र हाकेच्या अंतरावर उभी ठेवावी (आणि तिचे दिवे काजव्यांच्या झाडांवर पाडू नयेत). बंद गाडीत चौघांच्या श्वासातील बाष्पाने पहाटेपर्यंत काचांना आतून पाणी सुटते आणि काचा उघडाव्यात तर डास येतात, म्हणून गाडीत झोपायचेच झाल्यास दोन काचा बोटभर खाली करून त्यांवर जाळी बसवावी. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणे निक्षून टाळावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

तंबू ओढ्याच्या पात्रात किंवा एकट्या झाडाखाली ठोकू नये. वळवाचा पाऊस गाठण्याची शक्यता असल्याने बाहेरचे आवरण आतल्या कापडाला चिकटणार नाही असे ताणून बांधावे. विजा कडाडू लागताच मात्र सर्वांनी गाडीत जाऊन काचा लावून बसावे, कारण तिचा धातूचा सांगाडा वीज बाहेरूनच जमिनीत उतरवतो आणि तंबूत तसे कोणतेही संरक्षण नसते. मागची सीट सपाट होणारी मोठी गाडी घेऊन एकटेच जाणार असाल, तर खुशाल गाडीतच झोपावे.