इंटरमिजिएट, क्लास आणि पाठ केलेली भाजीवाली

ताई, तुमची पोस्ट सकाळी दुकानात वाचली, गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना दोनदा वाचली. मुलगा नववीत, आठवीत एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेला बी ग्रेड, शाळेतले ड्रॉइंगचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलेली नाही, म्हणून त्यापुढच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी बाहेरचा क्लास लावला. क्लासवाले ‘ए ग्रेड पक्की’ म्हणतात. स्मरणचित्राच्या, म्हणजे न बघता आठवून काढायच्या पेपराची दहा चित्रं दिलीत, प्रत्येक वीस वेळा काढून आणायचं. मुलगा वैतागलाय, मिस्टर म्हणतात हे सोड आणि गणिताचा दुसरा क्लास लाव. तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

‘दहा चित्रं, वीस वेळा’ या शब्दांशी मी थांबलो. आमच्याकडे सहा चित्रं होती आणि पंधरा वेळा. बाकी कथा तीच.

आधीच सांगतो, मी कलाशिक्षक नाही. माझं रंगाचं दुकान आहे, तेही भिंतीच्या रंगाचं. त्यामुळे पुढचं सगळं एका बापाचा अनुभव म्हणून वाचा, शास्त्र म्हणून नको. कुणी ड्रॉइंगचे सर इथे असतील तर त्यांनी खुशाल कान धरावा. परीक्षा कला संचालनालय घेतं, दोन दिवसांत चार पेपर असतात, फॉर्म शाळेमार्फत जातो वगैरे तुम्हाला माहीत आहेच, त्यात वेळ घालवत नाही.

माझी मुलगी लहानपणापासून दुकानात बसायची. कंपन्यांची जुनी शेड कार्डं, म्हणजे रंगांच्या नमुन्यांची कार्डं, रद्दीत जायची, त्यांच्या कोऱ्या बाजूला ती चित्रं काढायची. काय काढायची? समोर जे असेल ते. परांचीवर चढलेला पेंटर, खाली शिडी धरून उभा पोरगा, डब्यावर बसून बिडी ओढणारा म्हातारा, उधारी मागायला आलेला माणूस. हातपाय वेडेवाकडे, डोकं मोठं, पण बिडी ओढणारा बिडीच ओढतोय हे लांबून कळायचं. आठवीत एलिमेंटरीला ए ग्रेड आली आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला.

इंटरमिजिएट पास झालं की दहावीला जादा गुण मिळतात. ए ला 7, बी ला 5, सी ला 3. नुसत्या एलिमेंटरीला काही नाही. (आमच्या वेळचा हिशेब सांगतोय, नियम बदलत असतात, तुमच्या शाळेत विचारून घ्या.) पाचशेत 7 म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या यादीत पॉइंट दोन, पॉइंट तीनवर मुलं मागं राहतात, हे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात ते 1.4 असं बसलं की पोरीचं चित्र दिसेना, नुसते मार्क दिसायला लागले. जूनमध्ये एका क्लासमध्ये नेऊन घातलं. नाव घेत नाही, गावात रोज तोंड दिसतं. फी साडेसहा हजार, बाहेर मागच्या वर्षीच्या ए ग्रेडवाल्यांचे फोटो लावलेला फ्लेक्स.

तिथे स्मरणचित्र असं शिकवत. सरांनी काढलेली सहा चित्रं लॅमिनेट करून भिंतीला लावलेली. बाजार, गणपती विसर्जन, शेतातली कामं, रंगपंचमी, बाग आणि रेल्वे स्टेशन. आधी ट्रेसिंगवरून उतरवायचं, मग बघून, मग न बघता. बाजाराच्या चित्रात डावीकडे मोठी छत्री, खाली उजव्या कोपऱ्यात टोपली घेऊन बसलेली पाठमोरी भाजीवाली, हिरवं लुगडं, अंबाडा. पाठमोरी का, तर चेहरा काढावा लागत नाही. नीट बघितलं तर सहाही चित्रांत कुणालाच चेहरा नव्हता. सगळा गाव पाठ करून उभा.

जुलैत कधीतरी जेवताना ती म्हणाली, “पप्पा, मला बाई काढता येत नाही, फक्त ती बाई येते.”

मी म्हणालो, “ती येते ना, मग बास.”

ताई, माझी चूक एवढीच, आणि ती क्लासची नाही, माझी आहे. पोरगी नेमकं दुखणं सांगत होती आणि मी भाकरी मोडत होतो.

पेपरात स्मरणचित्राला विषय आले ते त्या सहांपैकी एकही नव्हते. तिने त्यातल्या त्यात पावसातला बसथांबा घेतला. आता विचार करा, ही पोरगी रोज एसटीने शाळेत जायची. छपराखाली दाटून उभी असलेली माणसं, बस आली की दप्तर डोक्यावर धरून पळणारी पोरं, कंडक्टरचा दारातला हात, चिखल उडाला म्हणून शिव्या देणारी म्हातारी, सगळं तिने दररोज पाहिलेलं. काढलं काय? डावीकडे बाजारातली मोठी छत्री, खाली उजव्या कोपऱ्यात पाठमोरी भाजीवाली. मध्ये एक बस घुसवली. बसथांब्यावर, धो धो पावसात, ती बाई टोपली मांडून निवांत बसलेली.

बाहेर आल्यावर क्लासच्या पोरी एकमेकींना सांगत होत्या. पाचजणींनी तीच बाई बसवली होती. एकीने दुसरा विषय घेतला होता, तिने तिला दवाखान्याच्या पायरीवर बसवली. पोरी हसत होत्या. माझी हसत नव्हती. आता तपासणाऱ्याचं बघा. एका केंद्रातून पाच कागद एकापाठोपाठ हातात येतात आणि पाचही कागदांवर तेच हिरवं लुगडं. त्याने काय समजायचं?

सी ग्रेड आली. मी क्लासमध्ये विचारायला गेलो तर म्हणे, “यंदा तपासणी कडक होती.” फ्लेक्स बदलून झाला होता तोवर. 7 च्या ऐवजी 3 मिळाले त्याचं मला आज काही वाटत नाही, अकरावीला हवं ते कॉलेज त्याशिवायही मिळालं. पण त्यानंतर चौदा महिने तिने ब्रश धरला नाही. शेड कार्डं मी मुद्दाम काउंटरवर ठेवायचो, ती तशीच रद्दीत जायची.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की परीक्षा सोडू नका, ती दहा चित्रं सोडा. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढणं. दुसऱ्याने काढलेलं आठवायचं असेल तर मग ती पाठांतराचीच परीक्षा झाली, तीही वाईट. मुलाला स्टँडवर, गिरणीत, दळण आणायला, क्रिकेटच्या मॅचला, जिथे तो नाहीतरी जातो तिथे खिशात छोटी वही घेऊन जाऊ दे. चित्र नको, नुसत्या पोझा. वाकलेला, वजन उचललेला, रांगेत कंटाळलेला. एका माणसाला एक मिनिट. घरी आल्यावर वही बंद करून त्यातले तीन-चार जण एका कागदावर मांडायचे, एक जवळ मोठा, बाकीचे लांब लहान. आठवड्यात तीनदा केलं तरी परीक्षेपर्यंत त्याच्याकडे स्वतःची माणसं गोळा होतील, मग विषय कुठलाही येवो. हे मला कुणी सांगितलं? पोरीनेच, नंतर. ती आधी तेच करत होती, मी मोडलं.

क्लास अगदीच सोडवत नसेल तर स्थिरचित्र (समोर मांडलेल्या वस्तू बघून काढणं) आणि भूमितीपुरता ठेवा. तिथे शिकवणारा माणूस लागतो. तांब्याचं तोंड सगळी मुलं लंबगोल काढतात आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. वरून बघताना बूड नजरेपासून आणखी खाली असतं, त्यामुळे त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्त दिसते. हे एकदा जमिनीवर बसून आणि एकदा खुर्चीवर बसून त्याच तांब्याकडे बघितलं की कळतं. परीक्षेत जागा आपल्या मर्जीची मिळेल असं नाही, तेव्हा घरी एकाच कोपऱ्यातून सराव करू नका. भूमिती-अक्षरलेखनाच्या पेपराकडे चित्र चांगलं येणारीच मुलं दुर्लक्ष करतात आणि तिथेच मार खातात. प्लॅन-एलिव्हेशन, म्हणजे वस्तू वरून आणि समोरून कशी दिसते, हे समजलं तर तो पेपर गणितासारखा आहे. तुमच्या मिस्टरांना हे सांगा, कदाचित बरं वाटेल.

संकल्पचित्रात, म्हणजे नक्षी रचून रंगवायच्या पेपरात, मी स्वतः एक घाण करून ठेवली, तीही सांगतो. भिंतीला पहिला हात सुकला की दुसरा देतात, म्हणजे एकसारखं दिसतं. मी दुकानदारी अक्कल चालवली, म्हटलं निळा फिका वाटतोय, दे दुसरा हात. दिला, आणि सगळे डाग. आमचा इमल्शन सुकला की पाण्याला दाद देत नाही. पोस्टर कलर सुकला तरी ओल्या ब्रशने पुन्हा विरघळतो आणि खालचा थर वर येतो. तेव्हा पातळ बासुंदीसारखा कालवायचा, एका आकारात एकदाच, न थांबता. आणि एक रंग जिथे जिथे लागणार तेवढा सगळा आधीच कालवून ठेवायचा. मध्येच संपला तर तीच शेड पुन्हा जुळत नाही. आमच्याकडे मशीन आहे, तरी कधी कधी जुळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागलो की माझं बीपी वाढतं. फॉर्मवरचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर तपासा. सर्टिफिकेटची झेरॉक्स घरी ठेवा. दहावीत जादा गुणांचा प्रस्ताव शाळेने बोर्डाच्या विभागीय कार्यालयाला पाठवायचा असतो. आमच्या शाळेच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी मला तीनदा “गेला, गेला” सांगितलं. चौथ्यांदा गेलो तर तो त्यांच्याच कपाटात, टाचणी लावलेला. शेवटच्या तारखेला दोन दिवस होते. 3 गुणांसाठी एवढा तमाशा केला म्हणून बायको अजून चिडवते. पण तोंडी ‘गेला’ वर विसंबू नका, आवक-जावकचा नंबर मागा.

आणखी एक, हे विषयाला सोडून वाटेल. सातारा जिल्ह्यात किंवा जवळपास राहत असाल तर एखादा रविवार औंधला जा. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रं तिथे हातभर अंतरावरून बघता येतात, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. मी तिला बारावीच्या सुट्टीत नेलं, म्हणजे फारच उशिरा. एका चित्रापुढे उभी राहून म्हणाली, “ही बाई पण पाठमोरी आहे, पण कुठल्या पायावर भार दिलाय ते कळतंय.” मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

आता ती बी.एस्सी. अ‍ॅग्रीला आहे. आर्टला गेली नाही, माझ्यामुळे का स्वतःच्या मनाने ते मी विचारलेलं नाही. किडींच्या जर्नलमधल्या तिच्या आकृत्या होस्टेलच्या मुली उतरवून घेतात एवढं कळलं. कुणी ट्रेसिंग पेपर आणला की देत नाही म्हणे.

तुम्ही शेवटी विचारलंय, क्लास मध्येच सोडला तर फी परत मिळते का. मी मागायला गेलो होतो. दोन हेलपाटे झाले, पैसे नाहीत, एक ड्रॉइंग बोर्ड आणि चार क्लिपा मिळाल्या. बोर्ड मात्र चांगला निघाला, उधारीची यादी त्यालाच लावतो.